घटनेची ‘चौकट’ म्हणू नका, ‘मूलभूत रचना’ म्हणा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

घटनादुरुस्तीचा विषय निघाला की, घटनेतलं जे संसदेलाही मोडता येत नाही त्या एकाच गोष्टीला चार नावं वाचायला मिळतात, मूलभूत चौकट, मूलभूत ढाचा, पायाभूत संरचना आणि कधी नुसताच घटनेचा गाभा. हेडिंगमध्ये चौकट आणि आतल्या मजकुरात ढाचा असंही होतं. नवीन वाचणाऱ्याला वाटणारच की ह्या वेगवेगळ्या गोष्टी आहेत. माझं सगळं आयुष्य बांधकामाच्या साइटवर गेलं, पाया, जोतं, चौकट, सांगाडा हे शब्द माझ्या रोजच्या तोंडातले, आणि म्हणूनच ‘चौकट’ हा शब्द इथे अजिबात पटत नाही.

चौकट दाराला असते, खिडकीला असते. तिच्यावर भिंतीचा भार नसतो, तो वरच्या लिंटेलवर असतो. जुनी सागवानी चौकट काढून ग्रॅनाइटची बसवली तरी घराला काही होत नाही. ‘कायद्याच्या चौकटीत राहून’ म्हणतो तेव्हा शब्द बरोबर आहे, कारण तिथे आपल्याला मर्यादा म्हणायचंय. पण २४ एप्रिल १९७३ ला केशवानंद भारती खटल्यात सुप्रीम कोर्टाच्या १३ न्यायमूर्तींच्या पीठाने ७ विरुद्ध ६ असं जे ठरवलं ते नुसतं रेषेच्या आत राहा एवढंच नाही. कलम ३६८ खाली संसद घटनेचा कुठलाही भाग बदलू शकते, अगदी मूलभूत हक्कसुद्धा, फक्त ज्याच्यावर घटना उभी आहे ते मोडायचं नाही, असा तो निकाल आहे. आरसीसी बिल्डिंगमध्ये पार्टिशनची भिंत पाडून हॉल मोठा करता येतो, लोक सर्रास करतात, पण मिस्त्री छिन्नी लावायच्या आधी कॉलम कुठनं गेलाय ते बघतो आणि कॉलमला हात लावत नाही, कारण तो आपल्या एकट्या फ्लॅटचा नसतो, खालपासून गच्चीपर्यंतच्या सगळ्यांचा असतो. घटनेत शंभरावर दुरुस्त्या झाल्या आणि तरी ती तीच राहिली ती ह्यामुळेच.

आता काही जण ‘पाया’ लिहितात. जवळचा आहे, पण पाया एकदा भरला की जमिनीखाली गाडला जातो. कोर्टाने ह्या न मोडता येणाऱ्या भागात काय काय धरलंय बघा, १९७५ च्या इंदिरा गांधी निवडणूक खटल्यात मोकळ्या आणि निष्पक्ष निवडणुका, १९८० च्या मिनर्व्हा मिल्स खटल्यात संसदेचा दुरुस्तीचा अधिकार मर्यादित असणं हेच, १९९४ च्या बोम्मई खटल्यात धर्मनिरपेक्षता. ह्या गोष्टी खाली पुरलेल्या नाहीत, रोजच्या कारभारात दिसायला पाहिजेत अशा आहेत. ‘सांगाडा’ साइटवर चालतो पण पेपरात वाचला की डोळ्यापुढे हाडंच येतात. ‘ढाचा’ हिंदी बातम्यांमधनं आलाय, त्याची आपल्याला गरज नाही. मला विचाराल तर ‘मूलभूत रचना’ सगळ्यात सरळ, शाळेतल्या पोरालाही कळेल.

अजून एक, आणि हे जास्त महत्त्वाचं वाटतं. मूलभूत हक्क आणि मूलभूत रचना, दोन्हीकडे ‘मूलभूत’ असल्यामुळे लोक दोन्ही एकच समजतात. तसं नाहीये. संपत्तीचा हक्क आधी मूलभूत हक्क होता, १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने तो त्या यादीतनं काढला, आता तो कलम ३०० अ मध्ये साधा घटनात्मक हक्क आहे. म्हणजे मूलभूत हक्क काढूनसुद्धा रचना शाबूत राहिली. उलट न्यायालयीन पुनर्विलोकन, म्हणजे कायदा घटनेला धरून आहे का ते कोर्टाने तपासणं, हे मूलभूत हक्कांच्या यादीत वेगळं लिहिलेलं नाही, तरी ते रचनेचा भाग धरलं जातं. हा फरक बातमीत दोन ओळींत सांगितला तर टीव्हीवरच्या चर्चांपेक्षा वाचकाचा जास्त फायदा होईल.

तेव्हा विनंती एवढीच की आपल्या डेस्कवर एक शब्द ठरवा आणि बातमी, अग्रलेख, स्पर्धा परीक्षेचं पान सगळीकडे तोच वापरा. एमपीएससीचा अभ्यास करणारी पोरं तुमचाच पेपर कापून वहीत चिकटवतात.

आपला नियमित वाचक,
एक निवृत्त साइट सुपरवायझर, सोलापूर