'देव तारी' म्हणण्यापूर्वी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

एकाहून अधिक जहाजांच्या अपघातांतून बचावलेल्या माणसांविषयीचा 'देव तारी त्याला कोण मारी' हा लेख आपल्या रविवारच्या पुरवणीत वाचला. लेख रंजक आहे आणि एकदोन तपशील सोडले (त्यांच्याविषयी पुढे लिहितो) तर माहितीही बरोबर आहे. परंतु ज्या सुरात तो लिहिला आहे तो सूर मला खटकला. मी अनेक वर्षे व्यापारी जहाजांच्या इंजिन विभागात नोकरी केली. जहाज सोडून उडी मारण्याची वेळ माझ्यावर कधी आली नाही, मात्र कवायतीचा भोंगा वाजला की लाइफ जॅकेट चढवून बोटीपाशी रांगेत उभे राहण्याचे काम शेकडो वेळा केले आहे. त्या रांगेत उभे राहिलेल्या माणसाला आपल्या लेखातील 'नशीबवान' हा शब्द वाचून जे वाटते ते लिहावे, म्हणून हे पत्र.

लेखात ज्यांची नावे आली आहेत त्यांची यादी एकदा त्यांच्या हुद्द्यांसह वाचून पाहावी. स्टुअर्डेस (प्रवाशांची सरबराई करणारी), आगवाला (भट्टीत कोळसा टाकणारा), टेहळ्या, अधिकारी. जन्मात एकदा तिकीट काढून समुद्र ओलांडणारा प्रवासी या यादीत जवळपास नाहीच. जो माणूस वर्षातले दहा महिने पाण्यावर काढतो आणि पुढच्या वर्षीही त्याला तेच करायचे असते, त्याच्या वाट्याला दोन किंवा तीन अपघात येणे यात दैवापेक्षा हजेरीपटाचा भाग अधिक आहे. त्यात १९१४ ते १९१८ या काळात समुद्रात सुरुंग पेरलेले होते आणि पाण्याखाली पाणबुड्या टपून होत्या, ही गोष्ट जमेस धरली तर आश्चर्य उरलेच तर अगदी थोडे उरते.

व्हायोलेट जेसपला लेखात सर्वांत अधिक जागा मिळाली आहे, म्हणून तिच्यापासूनच सुरुवात करतो. आयरिश आईवडिलांच्या पोटी १८८७ साली अर्जेंटिनात जन्मलेली ही मुलगी वडील वारल्यावर कुटुंबासह इंग्लंडला आली. आईने घर चालवण्यासाठी जहाजावर स्टुअर्डेसची नोकरी धरली आणि आईची प्रकृती ढासळली तेव्हा थोरली म्हणून हिने शिक्षण सोडून तेच काम पत्करले. वय कमी आणि रूप चांगले म्हणून कंपन्या तिला नोकरी द्यायला कचरत होत्या, तेव्हा ती मुद्दाम जुनाट, बेढब कपडे घालून मुलाखतीला जाऊ लागली. पुढे ती व्हाइट स्टार कंपनीत लागली. 'ऑलिंपिक', 'टायटॅनिक' आणि 'ब्रिटानिक' ही एकाच कंपनीने, एकाच आराखड्यावर, एकामागून एक बांधलेली तीन भावंडे. कंपनीचा नोकर कंपनीच्या एका जहाजावरून दुसऱ्यावर जाणारच. त्यामुळे 'तिन्ही जहाजांवर नेमकी तीच कशी' हा लेखातील प्रश्न मला तरी फारसा गूढ वाटत नाही.

२० सप्टेंबर १९११ रोजी 'ऑलिंपिक'ला 'हॉक' या युद्धनौकेची धडक बसली. जहाजाच्या कुशीला मोठे भगदाड पडले, पण एकही माणूस दगावला नाही आणि जहाज स्वतःच्या बळावर साउदॅम्प्टनला परतले. याला आपत्ती म्हणावे की नुसता अपघात, हा प्रश्नच आहे. त्यानंतर सात महिन्यांच्या आत, १९१२ सालच्या १४ एप्रिलच्या रात्री, ती 'टायटॅनिक'वर होती. ज्या प्रवाशांना इंग्रजी कळत नव्हते त्यांना काय करायचे ते दिसावे म्हणून तिला डेकवर येण्याचा हुकूम झाला. मग सोळा नंबरच्या बोटीत बसवले गेले आणि बोट खाली सोडताना एका अधिकाऱ्याने कुणाचे तरी तान्हे मूल तिच्या हाती दिले, ते तिने रात्रभर छातीशी धरून ठेवले. सकाळी मदतीला आलेल्या 'कार्पेथिया' जहाजावर पोहोचल्यावर एका बाईने ते मूल तिच्या हातांतून अक्षरशः ओढून घेतले आणि एक शब्दही न बोलता ती निघून गेली. आभाराचा शब्द राहून गेल्याचे जेसपला जाणवले, पण गारठून बधिर झालेल्या अवस्थेत त्यावर विचार करण्याचेही त्राण तिच्यात नव्हते.

मला मात्र तिची सर्वांत पटलेली गोष्ट पुढची आहे. २१ नोव्हेंबर १९१६ रोजी एजियन समुद्रात, केआ बेटाजवळ, इस्पितळ-जहाज झालेली 'ब्रिटानिक' सुरुंगावर आदळली तेव्हा परिचारिका म्हणून काम करणाऱ्या जेसपने केबिनमधून आठवणीने उचलून घेतलेली वस्तू म्हणजे दात घासण्याचा ब्रश. 'टायटॅनिक'नंतर तिला सर्वांत जास्त अडले होते ते त्या ब्रशावाचून. हसू येते खरे, पण हे काम करणाऱ्या माणसाचे शहाणपण आहे. मागच्या वेळी काय चुकले ते लक्षात ठेवायचे आणि पुढच्या वेळी तेवढे सुधारायचे, आमच्या धंद्यात सारे काही असेच शिकले जाते.

त्या दिवशीचे मरण कुठून आले, हेही लेखात यायला हवे होते. जहाज किनाऱ्याच्या उथळ पाण्यात नेऊन टेकवावे म्हणून कप्तानाने इंजिने चालू ठेवली होती आणि हुकूम होण्यापूर्वीच दोन बोटी पाण्यात सोडल्या गेल्या. जहाज पुढून खाली जात असल्याने जहाज पुढे ढकलणारे मागचे पंखे अर्धे पाण्याबाहेर येऊन फिरत होते. त्या बोटी पंख्यांकडे ओढल्या गेल्या. जेसपने उडी मारली, पाण्याखाली तिचे डोके बोटीच्या कण्यावर आपटले आणि कित्येक वर्षांनी डोकेदुखीसाठी डॉक्टरकडे गेल्यावर तिला कळले की त्या वेळी कवटीला तडा गेला होता. हजाराहून अधिक माणसांपैकी ३० मेली, त्यांतली बहुतेक त्या पंख्यांपाशी. 'ब्रिटानिक' ५५ मिनिटांत बुडाली, 'टायटॅनिक'ला दोन तास चाळीस मिनिटे लागली होती; तरीही इतकी माणसे वाचली याचे कारण पुरेशा बोटी, उबदार पाणी, दिवसाउजेडाची वेळ आणि जवळचा किनारा. देवाने तारले म्हणायला माझी हरकत नाही, पण बोटींची संख्या त्याने वाढवली नव्हती.

'टायटॅनिक'वर वीस बोटी होत्या आणि त्यांत ११७८ माणसांची सोय होती. जहाजावर सुमारे २२०० माणसे होती. हे त्या काळच्या नियमांत बसत होते. बुडण्याच्या घटनेला दहा दिवसही झाले नव्हते तेव्हा साउदॅम्प्टनला 'ऑलिंपिक'च्या आगवाल्यांनी, घाईघाईने चढवलेल्या घडीच्या बोटी खात्रीच्या नाहीत म्हणून जहाजावर काम करण्यास नकार दिला, आणि पाठोपाठ ५४ खलाशीही उतरले. त्या ५४ जणांवर बंडाचा खटला झाला. दंडाधिकाऱ्यांनी गुन्हा शाबीत धरला, पण शिक्षा न देता सोडून दिले. वाचण्याचा विचार ही माणसे किती व्यवहाराने करत होती हे या प्रसंगावरून दिसते, आणि आपल्या लेखात नेमका हाच प्रसंग नाही.

आता आर्थर जॉन प्रीस्ट. हा आगवाला. 'ऑलिंपिक'ची टक्कर, 'टायटॅनिक', १९१६ च्या फेब्रुवारीत लढाईत बुडालेली 'अल्कांतारा', 'ब्रिटानिक' आणि १९१७ ची 'डोनेगल' इतक्या ठिकाणांहून तो जिवंत परतला. आगवाल्याचे काम काय असते याची कल्पना यावी म्हणून सांगतो: 'टायटॅनिक'वर २९ बॉयलर आणि १५९ भट्ट्या होत्या, आणि त्यांत फावड्याने कोळसा टाकणारी माणसे जहाजाच्या अगदी तळाशी, पाण्याच्या पातळीच्या कितीतरी खाली, चार चार तासांच्या पाळ्या करत. आमच्या वेळी डिझेल होते, तरी तळापासून डेकपर्यंत लोखंडी शिड्यांचे मजल्यामागून मजले चढावे लागत. दिवे गेले की हाताने कठडा चाचपत पायऱ्या मोजत वर यायचे. मला माझ्या शेवटच्या जहाजाच्या पायऱ्यांचा आकडा अजून आठवतो. त्या तळातून इतक्या वेळा वर आलेल्या माणसाला पुढे लोक जहाजावर सोबत घ्यायला तयार नव्हते, असे तो सांगत असे. म्हणजे ज्याला आपण नशीबवान म्हणतो, तोच बंदरावर पांढऱ्या पायाचा ठरला.

हा शब्द किती महागात पडतो त्याचे याहून जुने उदाहरण जॉर्ज पोलार्डचे आहे. अमेरिकेतील नॅन्टकेट बेटाचे 'एसेक्स' हे देवमासे पकडणारे जहाज २० नोव्हेंबर १८२० रोजी प्रशांत महासागरात एका देवमाशाच्या धडकेने बुडाले; वीस माणसांपैकी आठ वाचली आणि त्यांनी उघड्या बोटींत काय भोगले ते इथे लिहवत नाही. कप्तान पोलार्डला मालकांनी दुसरे जहाज दिले, हे त्यांचे मोठेपण. ते 'टू ब्रदर्स' ११ फेब्रुवारी १८२३ च्या रात्री हवाई बेटांच्या वायव्येला प्रवाळाच्या खडकावर फुटले. 'एसेक्स'वरचे आणखी दोघे, थॉमस निकर्सन आणि चार्ल्स रॅम्सडेल, याही जहाजावर होते. म्हणजे तेही दोनदा वाचले, पण त्यांना कोणी अपशकुनी म्हटल्याचे दिसत नाही. ठपका कप्तानावर. आता कुठलाही मालक आपल्यावर विश्वास टाकणार नाही हे त्याने स्वतःच ओळखले होते, आणि पुढे नॅन्टकेटच्या रस्त्यांवर रात्रीचा पहारेकरी म्हणून त्याने आयुष्य काढले. बुडालेल्या त्या दुसऱ्या जहाजाचे अवशेष २००८ साली सापडले.

परत का गेले, या प्रश्नाला लेखात 'समुद्राची ओढ' असे उत्तर दिले आहे. जेसप १९२० साली पुन्हा जहाजावर रुजू झाली आणि १९५० पर्यंत काम करत राहिली, हे खरे. ओढ काहींना असेलही. पण त्या काळच्या ब्रिटिश कायद्याप्रमाणे जहाज बुडाले की खलाशाचा पगारही त्याच क्षणी थांबत असे, आणि 'टायटॅनिक'च्या वाचलेल्या नोकरांचाही तसाच थांबला. बर्फासारख्या पाण्याशेजारी रात्र काढलेला माणूस किनाऱ्याला लागला तेव्हा बेकार होता. जहाज बुडाल्याने नोकरी गेलेल्या खलाशाला दोन महिन्यांपर्यंत भरपाई द्यावी, असा आंतरराष्ट्रीय करार १९२० साली जिनोआ येथे झाला. घरी चूल पेटायची असेल तर पुढच्या जहाजाच्या भरतीला उभे राहण्यावाचून गत्यंतर नव्हते, आणि त्याला ओढ म्हणायचे असेल तर ती पोटाची म्हणावी.

आता त्या तपशिलांकडे वळतो. 'टायटॅनिक', 'एम्प्रेस ऑफ आयर्लंड' आणि 'लुसिटानिया' या तिन्हींतून वाचलेला टॉवर नावाचा आगवाला ही दंतकथा आहे. तिन्ही जहाजांच्या नोकरपटांवर असलेला असा माणूस आढळत नाही. खरा माणूस हवा असेल तर विल्यम क्लार्क आहे. हा आगवाला 'टायटॅनिक'मधून वाचला आणि २९ मे १९१४ रोजी कॅनडातील सेंट लॉरेन्स नदीत टक्कर होऊन बुडालेल्या 'एम्प्रेस'मधूनही. 'एम्प्रेस'वर बोटी पुरेशा होत्या, पण जहाज इतक्या वेगाने कलंडले की त्यांतल्या बहुतेक सोडताच आल्या नाहीत. चौदा मिनिटांत खेळ आटोपला आणि हजाराहून अधिक माणसे गेली. तिथे आणि अडीच वर्षांनी 'ब्रिटानिक'वर एक चूक समान होती: हवेसाठी उघड्या ठेवलेल्या गोल खिडक्या. जहाज कलले की त्यांतून पाणी आत. आमचे जुने मुख्य अभियंता जहाज बंदरातून निघण्यापूर्वी स्वतः फिरून प्रत्येक खिडकीचा आटा हाताने पिळून बघत, ते आम्हाला तेव्हा त्यांचे वेड वाटत असे.

दुसरे, १५ वर्षांचा नौदल छात्र वायकम-मसग्रेव्ह. २२ सप्टेंबर १९१४ च्या सकाळी 'अबूकर' ही ब्रिटिश युद्धनौका बुडाल्यावर तो पोहत 'होग'कडे गेला, ती बुडाल्यावर 'क्रेसी'वर पोहोचला आणि तीही बुडाली, हे लेखात बरोबर आले आहे. मात्र याला तीन स्वतंत्र आपत्ती म्हणणे योग्य नाही. बुडणाऱ्यांना वाचवायला उरलेल्या दोन युद्धनौका जागीच थांबल्या आणि एकाच जर्मन पाणबुडीला आयते लक्ष्य मिळाले. १४५९ माणसे मेली.

शेवटी एक विनंती. प्रीस्ट ज्या 'डोनेगल'वरून वाचला ते जखमी सैनिकांना इंग्लिश खाडीपलीकडे पोहोचवणारे जहाज होते आणि १७ एप्रिल १९१७ रोजी ते टॉर्पेडोने बुडाले. त्याच जहाजावर आर्ची ज्युएल होता. 'टायटॅनिक'च्या त्या रात्री आठ ते दहाची टेहळणी त्याची होती. सर्वांत आधी सोडलेल्या सात नंबरच्या बोटीतून तो वाचला आणि ब्रिटिश चौकशीत पहिली साक्ष त्याचीच झाली. 'ब्रिटानिक'च्या पंख्यांखालूनही तो निसटला होता. 'डोनेगल'वर तो २८ वर्षांचा असताना बुडाला. प्रीस्टचे छायाचित्र आपण चार रकान्यांत छापले आहे. दुरुस्तीची टीप छापणार असाल तर तीत ज्युएलचे नाव आणि हुद्दा, एवढी एक ओळ घालावी.

आपला,
एक निवृत्त जहाज-अभियंता