शेअर्ड मॉड्यूलमधली फाइल कोणी बंद करायची, हे लिहून ठेवणाऱ्या मॅडमना

आदरणीय मॅडम,

निवृत्तीपूर्वी तुम्ही सर्व्हिस प्रोग्रामसाठी (अनेक प्रोग्राम मिळून वापरतात त्या शेअर्ड मॉड्यूलसाठी) जे टिपण लिहून ठेवलेत, त्याबद्दल मनापासून आभार. पत्र खुले लिहितो आहोत, कारण मुंबईत आयबीएमच्या एएस/४०० संगणकावर आरपीजी या भाषेत प्रोग्राम लिहिणाऱ्या प्रत्येकाला ते उपयोगी पडेल.

तुमचा पहिलाच प्रश्न होता, ही फाइल कोणाच्या मालकीची? मेन प्रोग्राममध्ये तो पडत नाही. एलआर, म्हणजे ‘काम संपले’ ही खूण, ऑन करून प्रोग्राम संपला की आरपीजीची सायकल (प्रोग्रामभोवती आपोआप चालणारा क्रम) फाइली बंद करते. नोमेन मॉड्यूलला, म्हणजे मेन भाग नसलेल्या मॉड्यूलला, सायकलच नसते. तिथे ग्लोबल फाइल, म्हणजे सगळ्या प्रोसिजरना दिसणारी फाइल, मॉड्यूल पहिल्यांदा वापरात येताच आपोआप उघडते, पण आपोआप बंद होत नाही. ॲक्टिव्हेशन ग्रुप (जॉबमधला प्रोग्रामच्या मेमरीचा आणि फाइलींचा स्वतंत्र कप्पा) संपेपर्यंत ती तशीच उघडी राहते. एलआर ऑन केला तरी काही फरक पडत नाही.

म्हणून प्रत्येक ग्लोबल फाइल यूजर-ओपन (आपण सांगू तेव्हाच उघडणारी) ठेवायची आणि ती उघडायला एकच प्रोसिजर लिहायची. आत आधी %ओपनने फाइल उघडी आहे का ते तपासायचे, कारण उघडलेली फाइल पुन्हा उघडली की स्टेटस १२१५ हा एरर येतो. बाकीच्या प्रोसिजरनी वाचायच्या आधी हिला बोलवायचे. न उघडलेल्या फाइलवर वाचन झाले की १२११ ठरलेला. बंद करणे सोपे आहे, कारण बंद फाइल पुन्हा बंद केली तरी एरर येत नाही. मात्र ‘क्लोज ऑल’ वापरू नका, हा तुमचा आग्रह अगदी योग्य. त्या मॉड्यूलच्या सगळ्या ग्लोबल फाइली एकदम बंद होतात आणि दुसऱ्या कुठल्या प्रोसिजरचा वाचनाचा लूप अर्ध्यावर असेल तर तो तिथेच पडतो. फाइलचे नाव घेऊनच बंद करावे.

प्रत्येक कॉलला उघडून लगेच बंद करणे दिसायला स्वच्छ असते, पण बॅचमध्ये महागात पडते. दर वेळी सिस्टीम लायब्ररी लिस्टमधून (कुठल्या लायब्ररीत शोधायचे त्या यादीतून) फाइल शोधते, अधिकार तपासते, रेकॉर्ड फॉरमॅटची लेव्हल जुळवते आणि नवा ओपन डेटा पाथ (प्रोग्राम आणि फाइल यांच्यातला मार्ग) तयार करते. लाख रेकॉर्डच्या लूपमध्ये हे लाख वेळा घडते. उलट कधीच बंद न केलेली फाइल त्याच जुन्या लायब्ररीला चिकटून राहते. लायब्ररी लिस्ट बदलली तरी वाचन आधीच्याच फाइलमधून चालू राहते, आणि रात्री कोणी फाइल क्लिअर किंवा रीऑर्गनाइझ करायला गेले की ‘फाइल वापरात आहे’ असे उत्तर मिळते. यावर तुमचा तोडगा असा: पहिल्या गरजेला उघडा, उघडी ठेवा, आणि बंद करण्याची प्रोसिजर एक्सपोर्ट करा. मेन प्रोग्रामने संपताना आणि लायब्ररी लिस्ट बदलण्याआधी ती बोलवायची.

सर्वात जास्त ऋण आहे ते ॲक्टिव्हेशन ग्रुपच्या पानांसाठी. सर्व्हिस प्रोग्राम ‘कॉलर’ ठेवला, म्हणजे बोलावणाऱ्याच्याच ग्रुपमध्ये चालवला, आणि दोन वेगळ्या ग्रुपमधल्या प्रोग्रामनी त्याला बोलावले, तर एकाच जॉबमध्ये त्याच्या दोन प्रती उभ्या राहतात. व्हेरिएबल वेगळी, उघड्या फाइलीही वेगळ्या. एका प्रतीने अपडेटसाठी रेकॉर्ड वाचले की ते लॉक होते. दुसरी प्रत अपडेटसाठी तेच रेकॉर्ड मागते आणि १२१८, म्हणजे ‘रेकॉर्ड लॉक आहे’ हा एरर देते. मेसेजमध्ये लॉक धरणाऱ्या जॉबचे नाव पाहिले तर ते आपल्याच जॉबचे असते! हे कारण माहीत नसेल तर माणूस दिवसभर दुसऱ्या युजरला शोधत बसतो. नुसते पाहायचे असेल तिथे चेनला (की देऊन रेकॉर्ड वाचणाऱ्या सूचनेला) एन एक्स्टेंडर लावून लॉकशिवाय वाचावे.

सर्व्हिस प्रोग्रामला नावाचा ग्रुप दिला की जॉबमध्ये प्रत एकच राहते, पण त्याचीही किंमत आहे, आणि तीही तुम्ही लपवली नाहीत. कॉल करणाऱ्याच्या ग्रुपपुरते दिलेले ओव्हरराइड (एका फाइलऐवजी दुसरी वापरा ही सूचना) या ग्रुपपर्यंत पोचत नाही. ते जॉब स्कोपने, म्हणजे पूर्ण जॉबसाठी, द्यावे लागते. कमिटमेंट कंट्रोलचेही (बदल एकत्र पक्के किंवा रद्द करण्याच्या सोयीचेही) तसेच. नाहीतर मेन प्रोग्रामचा कमिट या फाइलींना लागूच होत नाही.

शेअर यस, म्हणजे एकच उघडी फाइल अनेक प्रोग्रामनी वापरण्याच्या पर्यायाबद्दल तुमची दोन वाक्ये पुरेशी आहेत. ओपन डेटा पाथ शेअर झाला की फाइलमधली जागाही शेअर होते, त्यामुळे आतल्या प्रोसिजरने केलेला चेन बाहेरचा लूप भलतीकडे नेतो. आणि पहिल्यांदा फाइल फक्त वाचायला उघडली असेल तर नंतरच्याला तिच्यात लिहिता येत नाही.

२००८ च्या व्ही६आर१ या सिस्टीम आवृत्तीपासून प्रोसिजरच्या आत लोकल फाइल देता येते. स्टॅटिक (कॉलनंतरही टिकणारी) असे लिहिले नाही तर प्रोसिजर संपताच ती आपोआप बंद होते. वाचन-लेखन मात्र डेटा स्ट्रक्चरमधूनच करावे लागते. क्वचित लागणाऱ्या कामांना, जसे वर्षअखेरचे एखादे टेबल, ही सोय उत्तम.

तुम्ही सांगितलेली तपासणी आता नवीन मुले स्वतःहून करतात: चाचणी संपली की डिस्प्ले जॉब या कमांडमध्ये पर्याय १४ घेऊन उघड्या फाइली बघायच्या आणि १८ घेऊन ॲक्टिव्हेशन ग्रुप. यादीत एखादी फाइल दोनदा दिसली तर कोड पुढे जात नाही.

मॅडम, इतके बारकाईने आणि हातचे काही न राखता लिहून दिलेत, याचे आभार मानावेत तेवढे थोडे.

तुमची कृतज्ञ,
अंधेरीची आरपीजी टीम