शनिवारी दुपारी उघडणाऱ्या कपाटांसाठी

आदरणीय ग्रंथपाल ताईंस,

सप्रेम नमस्कार विनंती विशेष.

आपले आभार देवघेवीच्या टेबलापाशी उभे राहूनही मानता आले असते; परंतु तसे काही बोलू लागले की आपण नोंदवही पुढे ओढता आणि विषय बदलता, हे आम्हा पालकांना आता ठाऊक झाले आहे. म्हणून हे पत्र. ते उघड लिहिण्याचे कारण असे की, चौथी ते सातवीच्या मुलांसाठी दर शनिवारी दुपारी आपण चालवत असलेल्या वाचन मंडळात काय घडते, ते इतर गावांतील ग्रंथपालांनाही कळावे, असे मला मनापासून वाटते.

माझी मुलगी तिसरीपर्यंत हाताला लागेल ते वाचत असे. चौथीत तिचे वाचन थांबले. चित्रांची पातळ पुस्तके तिला लहान मुलांची वाटू लागली होती आणि जाड कादंबऱ्या अजून तिच्या आवाक्यात आल्या नव्हत्या. शिवाय गोष्ट म्हटली की शेवटी तात्पर्य आणि त्याखाली पाच प्रश्न, हे इतके अंगवळणी पडले होते की, पुस्तक उघडण्याआधीच ती विचारत असे, "यावर काही लिहायचे आहे का?" मी आग्रह करत राहिले आणि त्या आग्रहाने तिचे मन वाचनावरून आणखीच उडाले.

आपण पहिल्याच शनिवारी बालविभागाच्या कपाटांची कुलपे काढलीत. जुन्या वाचनालयांत यादीतून क्रमांक शोधायचा, चिठ्ठी द्यायची आणि सेवकाने आतून पुस्तक आणून द्यायचे, ही रीत आमच्या लहानपणी होती. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली मांडलेल्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांपैकी पहिलेच सूत्र ग्रंथ उपयोगासाठी आहेत असे सांगते. तरीही मुलांच्या हातून पुस्तके फाटतील या भीतीने ती कुलपे वर्षानुवर्षे तशीच राहिली होती. आपण मुलांना जमिनीवर सतरंजीवर बसवलेत, पुस्तके मध्ये मांडलीत आणि एकच नियम सांगितलात, की वीस पाने वाचूनही मन रमले नाही, तर पुस्तक खुशाल परत ठेवावे, कोणीही कारण विचारणार नाही. माझ्या मुलीने चार पुस्तके परत ठेवली. पाचवे ती घरी घेऊन आली आणि जेवायला हाक मारली तरी उठेना.

एका दुपारी कोणाच्या तरी पुस्तकात 'घंगाळ' हा शब्द आला. आपण शब्दकोश काढून दिला असतात, तरी ते पुरेसे होते; पण आपण विचारलेत की कोणाच्या घरी ही वस्तू आहे का, आणि पुढच्या शनिवारी एका मुलाची आजी माळ्यावरचे तांब्याचे घंगाळ चिंचेने घासून, लखलखीत करून घेऊन आली. त्या दिवशी पुस्तक बाजूलाच राहिले. बंब, चूल, न्हाणीघर, विहिरीचे पाणी, असे आजींनी तासभर सांगितले, आणि घरी आल्यावर मुलीने मला माझ्या आजोळच्या न्हाणीघराविषयी इतके विचारले की, मी स्वतः विसरलेल्या गोष्टी मला आठवल्या.

भा. रा. भागवतांचे 'फास्टर फेणे' वाचून झाल्यावरची चर्चा मी दाराशी उभी राहून ऐकली होती. फुरसुंगीचा बनेश फेणे सर्वच मुलांना आवडला होता. माझी मुलगी मात्र म्हणाली की, सायकल तिलाही येते, मग अशी साहसे करणारी मुलगी का नाही? त्या लेखकाची पुस्तके वाचतच मी वाढले. आपल्या जागी मी असते तर बहुधा जुन्या काळाचे कारण सांगून तिला गप्प केले असते. आपण एवढेच विचारलेत, "ती कोणत्या गावची असेल?" पुढच्या आठवड्यात पाच मुलांनी पाच गावच्या पाच मुली लिहून आणल्या. पुस्तकावर प्रेम करावे आणि त्याला प्रश्नही विचारावा, हे दहा वर्षांच्या मुलांना शिकवता येते, यावर माझा त्या दिवसापर्यंत विश्वास नव्हता.

ज्या एका गोष्टीसाठी हे पत्र लिहायला बसले, ती अजून सांगायची आहे. आपल्या सातारा जिल्ह्यात उसाचा हंगाम सुरू झाला की तोडणी कामगारांची कुटुंबे येतात आणि कारखान्यांचा पट्टा पडला, म्हणजे गाळप संपले, की परत जातात. मागच्या हंगामात त्यांपैकी दोन भावंडे मंडळात येऊ लागली. सभासद व्हायचे तर अनामत रक्कम हवी, कायमचा पत्ता हवा. त्यांच्याकडे दोन्ही नव्हते. आपण त्यांची पुस्तके स्वतःच्या खात्यावर लिहिलीत आणि त्याविषयी कोणालाही काही सांगितले नाही. कोपीवर, म्हणजे तोडणी कामगारांच्या झोपडीवर, जाण्यापूर्वी दोघे भाऊबहीण सतरंजीवर शेवटपर्यंत वाचत बसत, कारण अंधार पडल्यावर तिकडे वाचता येत नसे. निघण्याच्या दिवशी पहाटे ट्रॅक्टर भरला जात असताना थोरल्या बहिणीने पुस्तक आमच्या घरी आणून दिले. त्याला वर्तमानपत्राचे कव्हर घातलेले होते आणि आत, जिथवर वाचून झाले होते, तिथे उसाच्या वाळलेल्या पाचटाची खूण होती. ती खूण आपण काढली नाहीत, हे मी पाहिले आहे.

अनुदानावर चालणाऱ्या वाचनालयात एकाच पुस्तकाच्या दहा प्रती घेणे परवडत नाही आणि त्यामुळे सर्वांनी एकच पुस्तक वाचण्याच्या वेळी आपल्याला शेजारच्या गावांतून प्रती मागून आणाव्या लागतात. आम्ही काही पालकांनी मिळून वर्षाला सहा पुस्तकांच्या प्रत्येकी दहा प्रती देण्याचे ठरवले आहे. दाखल नोंदवहीत देणगीदार म्हणून आमची नावे नकोत, 'शनिवारचे वाचन मंडळ' एवढेच लिहावे. पुस्तके कोणती, ते मुलांनी ठरवावे. आणि येत्या हंगामासाठी त्या दोन भावंडांच्या नावाची अनामत मी सोबत पाठवत आहे. ती परत येतील तेव्हा त्यांची खाती त्यांच्याच नावाने असावीत.

कळावे, लोभ असावा.

आपली कृतज्ञ,
पाचवीतील एका वाचक मुलीची आई