दादाचा घास

लेस्टर, रविवार

ती. सौ. वहिनींस साष्टांग नमस्कार.

दादाला परवा पोळीचा दुसराच घास छातीत अडकला, तोंडाला फेसाळ लाळ सुटली आणि घास उलटून पडला तेव्हा कुठे बरं वाटलं, असं तुम्ही फोनवर म्हणालात. वजन कमी करायला दादासारखं पोटाचं ऑपरेशन केलेल्या पेशंटना आहार समजावणं हे इथे माझं रोजचं काम, म्हणून सविस्तर लिहिते.

दादाच्या या 'स्लीव्ह' ऑपरेशनमध्ये जठराचा पाऊणहून थोडा अधिक भाग काढून टाकतात. उरते ती केळ्याएवढी अरुंद नळी, सुरुवातीला जेमतेम १०० ते १५० मिलिलिटर मावेल एवढी. पूर्वी अर्धवट चावलेला घासही पोट घुसळून बारीक करायचं. आता घुसळायला जागाच उरली नाही, ते काम दाढांनीच करायचं. दादा चुकीचं खातो असं नाही, तो जुन्या वेगाने खातोय.

त्यात पोळी सगळ्यांत वाईट. मऊ, ताजी पोळी सोसेल असं आपल्याला वाटतं, पण गव्हाला चिकटपणा असतो. दोन-चारदा चावून गिळली की लाळेत भिजून तिचा पुन्हा कणकेचा गोळा होतो आणि नळीच्या तोंडाशी बसतो. पावाचंही तसंच. आणि दादाच्या ऑपरेशनला अजून सहा आठवडेही झालेले नाहीत, तेव्हा पोळी आत्ता नकोच. मुगाचं घट्ट वरण, मऊ अंडं, काटे काढलेला वाफवलेला मासा, कुस्करलेलं पनीर, दही एवढंच ठेवा. पुढे सर्जन हो म्हणाले की आधी ज्वारीची भाकरी, वरणात कुस्करून. ती भुगा होते, गोळा होत नाही. मोकळा भात, पोहे, कोरडं किंवा पुन्हा गरम केलेलं चिकन, शेवग्याची शेंग, गवार, संत्र्याच्या फोडीची साल या गोष्टी शेवटी, एकेक करून.

आता जेवायची रीत. ताट नको, बशी आणि चहाचा चमचा घ्या. इथे वीस पेन्सच्या नाण्याएवढा घास सांगतात, आपल्या एक रुपयाच्या नाण्याएवढाच तो. तोंडात घातला की चमचा बशीत खाली ठेवायचा, हातात धरायचा नाही. हातात असला की पुढचा घास आपोआप भरला जातो. किमान २० वेळा चावायचं. आकड्यापेक्षा जिभेवर विश्वास ठेवा: घासाची पातळ पेज झाली पाहिजे, कण लागला तर परत दाढेखाली. काही केल्या बारीक होत नसेल तर रुमालात काढून टाकावं, त्यात लाज कसली! गिळल्यावर २० सेकंद थांबायचं. वीस-पंचवीस मिनिटांत बशी उचलायची, मग उरलेलं असो. टीव्ही बंद.

पोट भरल्याची खूण आता वेगळी आहे. छातीच्या मधोमध दाब, उचकी, शिंक किंवा एकाएकी नाक वाहणं, यातलं काहीही दिसलं की थांबायचं. त्यानंतरचा एकच घास उलटतो. वहिनी, तुमचा आग्रह मायेचा असतो हे मला ठाऊक आहे, पण 'एवढं संपव' हे वाक्य वर्षभर घरातून हद्दपार करा.

अडकलंच तर पाणी देऊ नका. पाणी घासावर साचतं आणि दोन्ही वर येतात. उभं राहावं, हळूहळू फिरावं. मोकळं झाल्यावर दिवसभर पातळच द्यावं. एरवीही जेवताना पाणी नको, जेवणानंतर अर्ध्या तासाने घोट घोट. दिवसाचं दीड लिटर व्हायला हवं. सोडा नको.

मला खरी काळजी दुसऱ्याच गोष्टीची वाटते. दोन-तीनदा अडकलं की माणूस घाबरतो आणि जे सहज उतरतं तेच खायला लागतो: चहात बुडवलेलं बिस्किट, खारी, शिरा, श्रीखंड, आइस्क्रीम. ना चावावं लागत, ना पोट भरतं. वजन तिथेच थांबतं आणि प्रथिनं कमी पडतात. दिवसाला निदान ६० ग्रॅम प्रथिनं लागतात आणि एका अंड्यात मिळतात सहाच. म्हणून बशीतलं अंडं, पनीर, मासा आधी, बाकीचं जागा उरली तर. डॉक्टरांनी दिलेली प्रोटीन पावडरही चालू ठेवा.

जीवनसत्त्वांच्या गोळ्या जन्मभर. लोह आणि कॅल्शियममध्ये दोन तासांचं अंतर, आणि लोहाची गोळी चहाबरोबर नाही.

दिवसभर पाणीसुद्धा टिकलं नाही, ताप आला, नाडी जोरात चालली किंवा पोटात जोराचं दुखलं तर सकाळची वाट न बघता हॉस्पिटल गाठा. उलट्या बरेच दिवस चालल्या तर बी-१ जीवनसत्त्व संपतं, त्याचा परिणाम थेट मेंदूवर आणि नसांवर होतो. नीट चावूनही रोज अडकत असेल तर नळी कुठे आवळली आहे का हे दुर्बिणीने बघावं लागेल.

आणखी एक. दादाच्या डावीकडच्या खालच्या दोन दाढा काढलेल्या आहेत ना? तो सगळं उजवीकडेच चावतो. पोळीचं बघण्याआधी त्याला दातांच्या डॉक्टरांकडे घेऊन जा आणि काय म्हणाले ते मला कळवा.

तुमची,
सुमा