कुंडलिकेवरच्या राफ्ट गाइड दादांना

दादा, सप्रेम नमस्कार.

रोज इतकी माणसं तुमच्या राफ्टमध्ये बसतात, त्यात आम्ही लक्षात असू की नाही कोण जाणे. अंबाड्यामुळे जिच्या डोक्यावर हेल्मेट बसेना, ती माझी आई. “काकू, वेणी घाला, आम्ही थांबतो,” म्हणालात आणि खरंच थांबलात. भिऱ्याहून पाणी सुटतं त्या वेळेतच राफ्ट खाली न्यावी लागते, हे नंतर समजलं, तेव्हा त्या थांबण्याची किंमत कळली.

पण मनापासूनचे आभार आहेत ते पुढच्या गोष्टीसाठी. भर मे महिन्यात कोकणातल्या कितीतरी नद्या आटलेल्या असताना ही एवढी खळाळती कशी, असं आईनं विचारलं. तुम्ही सांगितलंत, हे मुळशी धरणाचं पाणी. मुळेच्या खोऱ्यातला पाऊस, एरवी भीमा-कृष्णेतून बंगालच्या उपसागराला गेला असता. तो सह्याद्रीतून सुमारे ५०० मीटर खाली भिऱ्याच्या वीजघरात उतरतो आणि कुंडलिकेतून रेवदंड्याला अरबी समुद्रात जातो.

आई एकदम गप्प झाली. तिच्या आजोबांचं घर त्याच धरणात गेलं. १९२१ साली सेनापती बापटांच्या सत्याग्रहात उतरलेल्या मावळ्यांमध्ये तेही होते. हे ऐकल्यावर तुम्ही राफ्ट संथ पाण्यात कडेला घेतलीत, बाकीच्यांना वल्ही उचलून धरायला सांगितलीत. तिनं पाण्यात हात घातला आणि बराच वेळ तसाच ठेवला. कुणी काही बोललं नाही.

मग तुम्हीच काठावरच्या उंबराकडे बोट दाखवलंत. धनेशाची जोडी! नर चोचीच्या टोकात फळ धरायचा, मान मागे टाकायचा आणि हवेत उडवून गिळायचा. आई आता येईल त्या पाहुण्याला हे करून दाखवते. खडकावर पंख पसरून बसलेले पाणकावळे मी एकटीनंच पाहिले, तिचं लक्ष धनेशावरून हटेना.

शेवटच्या टप्प्यात, जन्मात गुडघाभर पाण्यापुढे न गेलेली माझी आई नदीत उतरली. तिच्या लाइफ जॅकेटचे पट्टे तुम्ही पुन्हा एकदा ओढून पाहिलेत, पाय प्रवाहाच्या दिशेनं ठेवायला सांगितलेत आणि दोरी हातात दिलीत. ती पाठीवर तरंगली, दादा! या आभारांना माझ्याकडे शब्द कमी आहेत.

दिवाळीनंतर दोन्ही मामांना घेऊन येतोय. राफ्ट तुमचीच हवी. आईनं तुमच्यासाठी तांदळाचे पापड बाजूला काढून ठेवलेत, ते घेऊन येऊ.

आपली,
त्या काकूंची मुलगी