आई-बाबा, मी दिवसभर काय मोजते

प्रिय आई-बाबा,

बाबा, मागे तुम्ही विचारलंत की बॅटरीवर काम म्हणजे तू नक्की करतेस तरी काय. फोनवर हे नीट सांगताच येत नाही, मधेच आवाज जातो आणि मग मी आपलं "मोजमाप करते" म्हणून सुटका करून घेते. म्हणून लिहूनच पाठवतेय, सावकाश वाचा, आईलाही वाचून दाखवा.

मी मोजते ती आयनांची (म्हणजे वीजभार असलेल्या बारीक कणांची) हालचाल, इलेक्ट्रोडच्या, म्हणजे बॅटरीतल्या धन किंवा ऋण टोकाच्या, अगदी अंगाला लागून होणारी. बॅटरीला मीटर लावला की जो करंट दिसतो ती सगळ्या इलेक्ट्रोडची मिळून एक बेरीज असते. पण इलेक्ट्रोड काही सगळीकडे सारखा नसतो ना, कुठे कणांच्या कडा, कुठे भेग, कुठे वर पापुद्रा धरलेला (लिथियम बॅटरीत तो पहिल्या चार्जिंगपासूनच धरायला लागतो, थोडा असला तर चांगलाच, पण वाढत गेला की बॅटरी म्हातारी). एका जागी आयन नुसते लोटतायत आणि शेजारीच सामसूम, असं चाललेलं असतं आणि मीटरवर मात्र सगळं आलबेल. लिथियम धातू एकाच ठिकाणी साचायला लागला की तिथे काटे फुटतात, काटा पलीकडच्या इलेक्ट्रोडला टेकला की शॉर्ट. म्हणजे दुखणं सुरू होतं एका टिंबापाशी आणि आपण बघत बसतो बेरीज! मला तर वाटतं बॅटरीवाल्यांचं निम्मं कोडं इथेच अडलेलं आहे.

तर ते टिंब गाठायला आमच्याकडे काचेची पिपेट असते. मिलिमीटरभर जाडीची काचेची नळी, तिला मधोमध लेझरने तापवायचं आणि दोन्हीकडून खेचायचं, टक् करून तुटते आणि दोन पिपेट हातात येतात. टोकाचं भोक साधारण ५० नॅनोमीटर, म्हणजे केसाच्या हजारपट बारीक, साध्या मायक्रोस्कोपखाली दिसतसुद्धा नाही. त्यात पोटॅशियम क्लोराइडचं पाणी भरायचं, टोकात बुडबुडा अडकला तर टिचक्या मारून काढायचा (हे काम मशीन करत नाही, माझं बोटच करतं), मग आत चांदीची तार सोडायची, तिला थोडं व्होल्टेज दिलं की भोकातून आयन ये-जा करतात आणि तोच करंट आम्ही मोजतो. पोटॅशियम क्लोराइडच का, तर त्यातले दोन्ही आयन पाण्यात जवळजवळ सारख्याच वेगाने चालतात, त्यामुळे हिशोब सोपा. लिथियम बघा, आकाराने इवलासा पण पाण्याचे रेणू अंगाला चिकटवून फिरतो, म्हणून पोटॅशियमपेक्षा हळू.

बागेत पाणी घालायच्या नळीचं तोंड भिंतीजवळ नेलं की धार अडते, तसंच हे. टोक पृष्ठभागाजवळ गेलं की आयनांना भोकातून ये-जा करायला जागा उरत नाही, करंट एखादा टक्का उतरतो, आणि तेवढ्यावरून मशीनला कळतं की बास, आता थांब. टेकवायचं नाही, टेकलं की टोक गेलं. मग वर उचलायचं, जरा बाजूला न्यायचं, पुन्हा खाली. असं टिंब टिंब करत नकाशा होतो. ही पद्धत १९८९ मध्ये पॉल हान्स्मा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅलिफोर्नियात मांडली, आणि त्याच वर्षी टेक्सासमध्ये ॲलन बार्ड यांच्या ग्रुपने तिची चुलत बहीण म्हणावी अशी दुसरी पद्धत आणली, तिच्यात टोकाला बारीक प्लॅटिनमची तार असते आणि तिथे रिॲक्शनच मोजतात.

खरी गंमत शेवटच्या काही नॅनोमीटरमध्ये आहे बाबा. इलेक्ट्रोडवर ऋण भार असला की धन आयन त्याच्याजवळ गर्दी करतात, मीठ कमी असेल तर ही गर्दी १० नॅनोमीटरपर्यंत पसरते, जास्त असेल तर एकाच नॅनोमीटरात आटपते. पिपेट तिथे धरून व्होल्टेज उलटसुलट केलं की करंट दोन्ही दिशांना सारखा येत नाही, आणि त्या फरकावरून त्या जागी भार किती ते काढता येतं. रंगीत नकाशे सगळ्यांना आवडतात, मला विचाराल तर खाली उतरतानाचा तो एक आलेख जास्त बोलतो, तो खराब असेल तर नकाशा नुसता शोभेचा.

आई, रात्री उशिरा का थांबतेस म्हणतेस ना, ते यासाठीच. दिवसा लिफ्ट, दारं, लोकांची ये-जा, सगळं त्या टोकाला जाणवतं. करंट काही शे पिकोअँपिअर (एक पिकोअँपिअर म्हणजे अँपिअरचा लाख कोटीवा भाग), त्याचा एक टक्का ओळखायचा, म्हणून सगळं लोखंडी पेटीत बंद आणि माझा मोबाइलसुद्धा खोलीबाहेर, त्यामुळे तुझा फोन उचलला जात नाही, काळजी करत बसू नकोस.

आणि शॉक बिक काही लागत नाही, व्होल्टेज घड्याळाच्या सेलपेक्षाही कमी असतं. जपायचं ते बॅटरीतल्या द्रवाला, त्याला हवेतली ओल चालत नाही आणि त्याचा वासही घेऊ नये, म्हणून ते काम आर्गॉन (कशाशीही रिॲक्शन न करणारा वायू) भरलेल्या पेटीत, जाड रबरी हातमोज्यांतून करायचं. त्या हातमोज्यांतून पिपेटला टिचकी मारणं म्हणजे वैताग आहे नुसता, सध्या तेच चाललंय.

रविवारी मोकळी आहे, बाबा काही अडलं तर तेव्हा विचारा.

तुमची,
मनू