इंग्लंडच्या खेड्यात पोटनिवडणूक मागावी लागते

मा. संपादक,
स. न. वि. वि.

इंग्लंडमधल्या स्थानिक निवडणुकांची बातमी मराठी वृत्तपत्रांत येते ती हुजूर पक्षाने किती जागा गमावल्या, रिफॉर्म पक्षाने किती कौन्सिले जिंकली, एवढ्यापुरतीच. मे महिन्याचा पहिला गुरुवार, म्हणजे मतदानाचा दिवस, उलटला की विषय संपतो. पण लिंकनशायर, डेव्हन, नॉरफोकसारख्या ग्रामीण भागांत वर्षभर कुठे ना कुठे एखादी जागा रिकामी होत असते. महाराष्ट्रात जागा रिकामी झाली की राज्य निवडणूक आयोग कार्यक्रम जाहीर करतो, मतदाराला काही करावे लागत नाही. इंग्लंडमध्ये कौन्सिलचा सदस्य वारला किंवा त्याने राजीनामा दिला, तर पोटनिवडणूक कोणीतरी लेखी मागावी लागते. इस्पितळांत आणि वृद्धांच्या सेवाकेंद्रांत नोकरी करणारी मराठी माणसे आज तिथल्या लहान गावांतही राहतात, त्यांना मताचा हक्क आहे, आणि त्यांचे आईवडील आपला अंक वाचतात. म्हणून हे पत्र तपशिलात लिहीत आहोत.

ग्रामीण इंग्लंडमध्ये अजून बऱ्याच ठिकाणी तीन पायऱ्यांचा कारभार आहे. रस्ते, शाळा आणि वृद्धांची देखभाल काउंटी कौन्सिलकडे. बांधकाम परवानग्या, कचरा आणि घरे डिस्ट्रिक्ट कौन्सिलकडे. मुलांचे मैदान, बसथांब्याची शेड, दफनभूमी असली गावची कामे पॅरिश कौन्सिलकडे. मुदत चार वर्षांची. काही डिस्ट्रिक्ट सगळ्या जागा एकदम भरतात, काही एक तृतीयांश जागा टप्प्याटप्प्याने.

आता डिस्ट्रिक्टची जागा. १९७२ च्या लोकल गव्हर्नमेंट अ‍ॅक्टचे कलम ८९ इथे लागू होते. जागा रिकामी झाल्याचे कौन्सिलने किंवा हायकोर्टाने घोषित केले, तर घोषणेपासून ३५ दिवसांत निवडणूक घ्यावीच लागते. सदस्य कौन्सिलची मंजुरी न घेता सलग सहा महिने एकाही सभेला आला नाही किंवा अपात्र ठरला, की अशी घोषणा होते. मृत्यू आणि राजीनामा यांत मात्र तेच ३५ दिवस सुरू होतात ते डिस्ट्रिक्टमधल्या कोणत्याही दोन मतदारांचे पत्र कौन्सिलच्या अधिकाऱ्याच्या हाती पडल्यावर. शनिवार, रविवार आणि सार्वजनिक सुट्ट्या मोजायच्या नाहीत, म्हणजे प्रत्यक्षात किमान सात आठवडे.

हे पत्र बहुतेक वेळा पक्षाचे कार्यकर्ते पाठवतात, आणि कधी पाठवायचे तेही तेच ठरवतात. आपला उमेदवार तयार असेल तर लगेच. नसेल तर थांबून, जमल्यास मे महिन्याच्या मतदानाशी जुळवून. एकाच दिवशी दोन मतदाने घेतली तर खर्च वाचतो, हे खरे आहे. पण ग्रामीण डिस्ट्रिक्टांत अपक्ष सदस्य पुष्कळ असतात. अपक्षाची जागा रिकामी झाली आणि कोणत्याच पक्षाला घाई नसली, तर पत्र जातच नाही आणि आठवडेच्या आठवडे वॉर्डाला सदस्य नसतो. याची झळ बांधकाम परवानग्यांत बसते. बहुतेक डिस्ट्रिक्टांत एखादा वादग्रस्त अर्ज अधिकाऱ्यांच्या पातळीवर निकालात न काढता समितीपुढे आणायची मागणी वॉर्डाचा सदस्य करू शकतो. सदस्यच नसेल तर ही मागणी करायला हक्काचे माणूस उरत नाही.

एक अडसर आधीच लक्षात ठेवावा. मुदत संपायला सहा महिन्यांहून कमी काळ उरला असताना जागा रिकामी झाली, तर पोटनिवडणूक होत नाही; मे महिन्याची वाट पाहावी लागते. अपवाद एकच, कौन्सिलच्या एक तृतीयांशाहून जास्त जागा रिकाम्या असतील तर. त्यामुळे मुदतीच्या शेवटच्या वर्षात ऑक्टोबरमध्ये दिलेला राजीनामा आणि डिसेंबरमध्ये दिलेला राजीनामा यांत मोठा फरक पडतो.

पॅरिशची रीत याहून वेगळी आहे, आणि सगळ्यांत जास्त चुका होतात त्या इथेच. जागा रिकामी झाली की गावच्या फलकावर सूचना लागते. त्यानंतर १४ दिवसांत, पुन्हा सुट्ट्या सोडून, दहा मतदारांनी लेखी मागणी केली तर निवडणूक. नाही केली तर उरलेले सदस्य आपल्या पसंतीचा माणूस स्वीकृत सदस्य म्हणून घेतात. त्याचे अधिकार निवडून आलेल्याइतकेच असतात. मागणी झाली तर सूचनेपासून ६० दिवसांत मतदान व्हावे लागते. दहांनी एकाच कागदावर सह्या केल्या तरी चालते. पॅरिशचे वॉर्ड पाडलेले असतील तर दहाही जण त्याच वॉर्डाचे हवेत, आणि तिथेच सह्या बाद होतात. दुसरी नेहमीची चूक म्हणजे मागणी पॅरिशच्या क्लार्ककडे देणे. ती डिस्ट्रिक्ट कौन्सिलच्या निवडणूक कार्यालयात पोहोचायला हवी. क्लार्कच्या टेबलावर राहून मुदत टळली, तर उपाय नाही.

दहा सह्या मिळणे अवघड नसते, तरी गावे मागणी करायला कचरतात. कारण खर्चाचे आहे. पॅरिशच्या पोटनिवडणुकीचा खर्च डिस्ट्रिक्ट कौन्सिल सहसा पॅरिशकडूनच वसूल करते आणि तो कौन्सिल टॅक्समधल्या, म्हणजे घरपट्टीसारख्या स्थानिक करातल्या, पॅरिशच्या हिश्श्यातून जातो. लहान गावाला काही हजार पौंडांचे बिल जड जाते. 'निवडणूक मागाल तर मैदानाची दुरुस्ती राहील' असे तिथे उघड बोलले जाते. यात तथ्य आहे, पण अर्धेच. मुदतीत एकच अर्ज आला तर उमेदवार बिनविरोध निवडून येतो, मतदान होत नाही आणि खर्च फार थोडा लागतो. शिवाय स्वीकृतीने माणसे घेत गेलेल्या पॅरिशमध्ये काही वर्षांनी निम्मे सदस्य असे होतात, की ज्यांना एकाही मतदाराने मत दिलेले नसते. खर्च टाळण्यासाठी ही किंमत फार मोठी आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

निवडणूक लागली की वेळापत्रक घट्ट असते. निवडणुकीची सूचना मतदानाच्या किमान २५ दिवस आधी निघते आणि उमेदवारी अर्ज मतदानाच्या १९ दिवस आधी दुपारी ४ वाजता बंद होतात. हेही कामाचेच दिवस. म्हणजे सूचना पाहून विचार करायला लागलेल्या माणसाच्या हातात जेमतेम आठवडा राहतो. अनामत रक्कम नाही. पूर्वी डिस्ट्रिक्टसाठी दहा सह्या लागत, आता सूचक आणि अनुमोदक अशा दोनच पुरतात, पण दोघेही त्याच वॉर्डाच्या यादीत हवेत. उमेदवारी अर्ज, घरच्या पत्त्याचा कागद आणि साक्षीदाराच्या सहीचे संमतिपत्र हातोहात द्यावे लागते. टपालाने किंवा ईमेलने चालत नाही. संमतिपत्रावरची सही अर्जाच्या शेवटच्या दिवसाच्या महिनाभराआधीची असली तर ते बाद. पक्षाच्या उमेदवाराने अर्जात लिहिलेले पक्षाचे नाव आणि पक्षाच्या अधिकारपत्रातले नाव यांत एका शब्दाचाही फरक चालत नाही. आणखी एक खाचखळगा हिवाळ्यातल्या पोटनिवडणुकीचा. सुधारित मतदार यादी साधारणपणे १ डिसेंबरला निघते आणि तिच्यात अनुक्रमांक बदलतात. सूचकाचा क्रमांक जुन्या यादीतून उतरवला तर चुकतो. निवडणूक कार्यालयात दोन-तीन दिवस आधी वेळ घेऊन कागद तपासून घेतले, तर यातले जवळपास सगळे टळते.

भारतीय नागरिकांबद्दल गैरसमज फार आहेत. राष्ट्रकुलातल्या देशाचा नागरिक म्हणून, वैध व्हिसावर तिथे राहणाऱ्या १८ वर्षांवरच्या भारतीयाला कौन्सिल निवडणुकीत मत देता येते. ब्रिटिश पासपोर्ट लागत नाही. उभे राहायचे असेल तर मात्र कायमच्या वास्तव्याची परवानगी हवी. शिवाय त्या भागाच्या यादीत नाव, किंवा गेले पूर्ण बारा महिने तिथे वास्तव्य, मुख्य कामाचे ठिकाण, किंवा मालकीची वा भाड्याची जागा, यांपैकी एक गोष्ट लागते. नाव नोंदवण्याची मुदत मतदानाच्या १२ कामाचे दिवस आधी संपते, टपाली मतदानाचा अर्ज ११ कामाचे दिवस आधी सायंकाळी ५ ला.

मे २०२३ पासून मतदान केंद्रावर छायाचित्राचे ओळखपत्र दाखवावे लागते. भारतीय पासपोर्ट चालतो. आधार, पॅन आणि भारतीय वाहन परवाना चालत नाही. मुदत संपलेला पासपोर्टही चालतो, चेहरा ओळखू येत असेल तर. अडचण येते ती नावांची. लग्नानंतर यादीत सासरचे आडनाव आणि पासपोर्टवर माहेरचे असेल, तर विवाह प्रमाणपत्र सोबत न्यावे. एकही ओळखपत्र नसेल तर मतदार प्रमाणपत्र फुकट मिळते, पण अर्ज सहा कामाचे दिवस आधी सायंकाळी ५ च्या आत.

खेड्यात बस कमी आणि मतदान केंद्र पलीकडच्या गावच्या सभागृहात, म्हणून टपाली मत सोयीचे. ते बाद होण्याचे अगदी साधे कारण म्हणजे जन्मतारखेच्या चौकटीत त्या दिवसाची तारीख लिहिणे. उशीर झाला म्हणून पाकीट स्वतः केंद्रावर नेऊन देता येते, पण तिथला छोटा फॉर्म भरावा लागतो. फॉर्म न भरता ठेवलेले पाकीट मोजले जात नाही. स्वतःच्या मताखेरीज आणखी पाच जणांचीच पाकिटे एका माणसाला देता येतात.

हे सगळे करण्याइतके महत्त्व एका मताला आहे का, असे विचारले जाते. आकडे मांडून पाहा. ग्रामीण वॉर्डात समजा २,००० मतदार आहेत. पोटनिवडणुकीत बरेचदा ३० टक्केही मतदान होत नाही. २५ टक्के झाले तर ५०० मते, आणि तीन उमेदवारांत दोनशेच्या आसपास मते घेणारा निवडून येतो. अशा वॉर्डात उमेदवाराची खर्चमर्यादा ९६० पौंड अधिक मतदारामागे ८ पेनी, म्हणजे १,१२० पौंड. पत्रके छापून दारोदार वाटणे एवढेच त्यात बसते, आणि त्यामुळे पक्ष पाठीशी नसलेल्या माणसालाही लढता येते. समान मते पडली तर निवडणूक निर्णय अधिकारी चिठ्ठी काढतो. २०१७ साली नॉर्थंबरलँडच्या साउथ ब्लाइथ वॉर्डात दोन उमेदवार बरोबरीत आले, काड्या ओढून निकाल लागला, आणि हुजूर पक्षाचे बहुमत त्या एका जागेने हुकले.

डिस्ट्रिक्ट कौन्सिले आता फार वर्षे राहतील असे दिसत नाही. कम्ब्रिया, नॉर्थ यॉर्कशायर आणि सॉमरसेटमध्ये ती १ एप्रिल २०२३ ला विसर्जित झाली, आणि डिसेंबर २०२४ च्या श्वेतपत्रिकेत सरकारने काउंटी आणि डिस्ट्रिक्ट अशी दोन्ही कौन्सिले असलेल्या उरलेल्या भागांतही एकच मोठे कौन्सिल करायचे ठरवले. तसे झाले की गावाजवळ पॅरिशच उरेल. म्हणून आपल्या वाचकांनी तिथल्या मुलांना आणि सुनांना गावच्या फलकावर नजर ठेवायला सांगावे.

डिस्ट्रिक्टसाठीच्या पत्राचा मजकूर दोन ओळींचा असतो: अमुक वॉर्डातली जागा रिकामी झाली आहे, आणि १९७२ च्या कायद्याच्या कलम ८९ नुसार आम्ही ही सूचना देत आहोत. पत्र अर्थात इंग्रजीत. खाली दोघांची मतदार यादीत आहेत तशीच नावे, पत्ते, सह्या आणि तारीख. एक प्रत स्वतःकडे ठेवावी आणि कार्यालयाकडून पोच घ्यावी, कारण ३५ दिवस पत्र कार्यालयात पोचल्याच्या तारखेपासून मोजले जातात.

आपले,
इंग्लंडच्या ग्रामीण भागातील काही मराठी मतदार